जुना पांबन पूल किलोच्या भावानं विकण्याआधी

प्रति,
मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार
मा. अध्यक्ष, रेल्वे बोर्ड
मा. महाव्यवस्थापक, दक्षिण रेल्वे

विषय : जुन्या पांबन पुलाचा उघडता गाळा आणि मानामदुराई-रामेश्वर शाखेचा वारसा जपण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी कुर्डुवाडीचा. रामेश्वर तिथून दोन रात्रींच्या प्रवासावर. समुद्र आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या धंद्याचा नव्हता. तेव्हा रामेश्वरच्या बेटाला जोडणाऱ्या पांबनच्या रेल्वेपुलाचं या माणसाला काय पडलंय, असं आपल्याला वाटेल. म्हणून आधी नातं सांगतो.

आमच्या आजीनं १९६२ च्या थंडीत काशी-रामेश्वर पुरं केलं. मराठी मुलखात ही यात्रा कशी करतात ते थोडक्यात असं : काशीहून गंगा आणायची, ती रामेश्वराला वाहायची, तिथून सेतूची वाळू उचलायची आणि ती प्रयागला नेऊन गंगेत सोडायची. तेव्हा कुठं यात्रा पदरात पडते. नाथांनी गंगेची कावड तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिती केली, ती कावडही निघाली होती रामेश्वरालाच. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

आजीच्या पिशवीत दशम्या, शेंगांची चटणी आणि डाख लावून बंद केलेला गंगेचा गडू. कुर्डुवाडीहून मद्रास मेल, मद्रासला एग्मोर स्टेशनावर गाडी बदलून बोट मेल. ती मीटरगेज. बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळांवर वाढलेल्या आमच्या बायकांना तीही ऐसपैस वाटली म्हणे. दुसऱ्या दिवशी मानामदुराई, परमकुडी, रामनाथपुरम असं करत गाडी पुढं सरकली. दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, मधेच कोरडी तळी. अगदी आपल्या माणदेशासारखं रुक्ष, आजी सांगायची. मंडपम सुटलं आणि डब्यातलं भजन आपोआप थांबलं.

कारण त्या पुलाला कठडाच नव्हता. गर्डर रुळांच्या खाली. खिडकीच्या गजाला नाक लावून खाली बघितलं तरी पूल दिसत नाही. दिसतं ते नुसतं पाणी, आणि त्या पाण्यावर आपण चाललोय. आजीनं डोळे मिटून घेतले आणि गाळे मोजायला लागली. एक गर्डर संपून दुसरा लागला की चाकांचा आवाज बदलायचा, त्यावरून. सत्तेचाळीसला शेजारीण किंचाळली, "जहाज बघ गं!" आणि मोजणी चुकली. ही गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली, की सत्तेचाळीस हा आकडा आमच्या घरात 'अर्ध्यावर राहिलेलं काम' या अर्थानं वापरतात.

दोन वर्षांनी, १९६४ च्या डिसेंबरातल्या २२ आणि २३ तारखेच्या मधल्या रात्री, चक्रीवादळ आलं. पांबनहून बेटाच्या टोकावरच्या धनुष्कोडीला निघालेली ६५३ नंबरची पॅसेंजर गाडी समुद्रानं आतल्या माणसांसकट ओढून नेली. एकही वाचला नाही. धनुष्कोडी गाव पुसलं गेलं. पुलाच्या १४५ पैकी १२६ गर्डर पाण्यात गेले. जहाजांना वाट द्यायला उघडणारा मधला गाळा मात्र जागेवर राहिला.

माझं हे सगळं पत्र त्या एका गाळ्याबद्दल आहे असं धरलंत तरी चालेल.

२०२५ च्या रामनवमीला, ६ एप्रिलला, शेजारच्या नव्या पुलाचं उद्घाटन झालं. त्यानंतर काही महिन्यांतच जुना पूल उतरवून घेण्यासाठी निविदा निघाल्याची बातमी वाचली आणि हे पत्र लिहायला घेतलं. नव्या पुलाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. ऑगस्टमध्ये मी त्यावरून गेलो. ७२.५ मीटरचा अख्खा गाळा विजेच्या मोटरवर सरळ १७ मीटर वर जातो, ही आपल्या इंजिनिअरांची कमालच आहे. २०२२ च्या डिसेंबरपासून सव्वादोन वर्षं यात्रेकरूंना बेटाअलीकडंच उतरून मोटारीनं जावं लागत होतं, तेही संपलं. कुणी म्हणेल की जुन्याच पुलावरून गाड्या चालवा, तर मीच आधी विरोध करीन.

माझं म्हणणं वेगळं आहे. काम संपलेली वस्तू आणि किंमत संपलेली वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या खात्यात या दोन्हींसाठी एकच रजिस्टर असावं असं दिसतं.

आता काय खटकतं ते क्रमानं सांगतो.

१. पूल म्हणजे एकच लोखंड, असं धरून चालणं.

जुना पूल दोन किलोमीटरहून थोडा लांब. त्यातले बहुतेक गाळे साधे गर्डरचे आहेत. तसे गर्डर देशात शेकड्यांनी आहेत, आणि इथले बरेचसे १९६४ नंतर समुद्रातून काढून किंवा दुसरीकडून आणून बसवलेले. ते उतरवा, विका, मी अडवणार नाही. पण मधला शेर्झर पद्धतीचा गाळा त्यांच्या ओळीत बसत नाही. शिकागोच्या विल्यम शेर्झर यांनी शोधलेली ही रचना. सुटे भाग इंग्लंडातल्या हेड राइटसन कंपनीनं बनवले, काम १९११ ला सुरू झालं आणि २४ फेब्रुवारी १९१४ ला पूल वाहतुकीला खुला झाला.

हा गाळा उघडतो कसा ते एकदा जवळून बघण्यासारखं होतं. २०११ साली मी वडिलांना घेऊन गेलो होतो. १९८८ साली झालेल्या रस्त्याच्या पुलावर आम्ही कठड्याला टेकून उभे. खाली मच्छीमारांच्या होड्या आणि एक छोटं जहाज ताटकळलेलं. रेल्वेच्या पुलावर माणसं आली, लांब दांडे लावले आणि जोर करायला लागली. बराच वेळ काहीच होईना. मग मधोमध एक फट दिसली. ती रुंदावत गेली आणि ४१५ टनांची दोन पाती, एक इकडं एक तिकडं, उताणी होत आभाळाकडं वळली. मोटर नाही, वाफ नाही. पात्याचं मागचं टोक चाकाच्या चतकोरासारखं गोल आहे. ते रुळावर मागं लोळतं, आणि मागं लावलेलं वजन पुढच्या वजनाला तोलून धरतं. तराजूची दोन्ही पारडी सारखी असली की काटा बोटानं हलतो ना, तसं. म्हणून हातांच्या जोरावर ४१५ टन उठतात. वडील कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर होते. ते खिशातून हात न काढता एवढंच म्हणाले, "हे ज्यानं जुळवलं त्याला रात्री झोप लागत नसणार."

शाळेत तरफ आणि गुरुत्वमध्य शिकवायला याच्याइतकं मोठं साधन दुसरं नाही. आणि आपण त्याला गॅस कटर लावणार.

२. 'गंजला' हे अर्धंच कारण.

मला उत्तर काय मिळणार ते माहीत आहे : हाच गाळा गंजला होता, म्हणूनच गाड्या बंद कराव्या लागल्या. खरं आहे. २३ डिसेंबर २०२२ ला या गाळ्यावरच्या यंत्रांनी धोक्याचा इशारा दिला आणि गाड्या थांबल्या. (तारीख बघितलीत? अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच्या त्याच रात्रीची सकाळ.) त्या समुद्रावरची हवा लोखंडाची वैरीण आहे. जगातल्या सगळ्यात गंजवणाऱ्या जागांत पांबनचं नाव घेतात. बारा महिने रंगारी पुलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं खरवडत-रंगवत जायचे.

पण गंज धोक्याचा ठरला तो वरून गाडी जायची म्हणून. आता त्या पात्यांना गाडी पेलायची नाही, स्वतःचं वजन तेवढं सांभाळायचं आहे. हे दोन हिशेब अगदी निराळे, हे आपल्या खात्याला मी काय सांगावं!

जुन्या पुलांचं वेड मला नाही, हेही इथंच लिहून ठेवतो. २०१६ च्या ऑगस्टात महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल पुरात गेला, माणसांनी भरलेल्या गाड्या घेऊन. २०२५ च्या जूनमध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल रविवारच्या गर्दीखाली कोसळला. चार माणसं गेली. म्हणून पांबनच्या जुन्या पुलावर पर्यटकांना फिरू द्या, सेल्फी पॉइंट करा, असली मागणी मी करणार नाही. कुणी केली तर ऐकू नका.

३. आपण आपलंच बोललेलं विसरणं.

२०१४ साली पुलाची शंभरी झाली तेव्हा रेल्वेनं सोहळा केला. भाषणं झाली, भारतातला पहिला सागरी पूल म्हणून पुलाचे पोवाडे गाऊन झाले. मुंबईच्या आपल्या बोरीबंदर स्टेशनाला २००४ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, दार्जिलिंगच्या गाडीला १९९९ ला, निलगिरीच्या गाडीला २००५ ला आणि कालका-सिमल्याला २००८ ला. या नावांचे बोर्ड आपल्या कार्यालयांत अभिमानानं लावलेले असतात. त्या यादीकडं नीट बघा : तीन डोंगरांतल्या गाड्या आणि एक इमारत. समुद्राकडं जाणारी एकही नाही. डोंगर चढणारी खेळण्यातली गाडी साहेबांच्या थंड हवेच्या गावाला जायची म्हणून ती वारसा. आणि दशम्या बांधून निघालेल्या बायकांना समुद्रापार नेणारी गाडी भंगार, असा अर्थ कुणी काढला तर त्याला काय उत्तर देणार?

४. त्या शाखेची गोष्ट तुकड्या-तुकड्यांत हरवू देणं.

ही शाखा म्हणजे नुसता पूल नव्हे. १९१४ पासून मद्रास ते कोलंबो एका तिकिटावर जाता यायचं. बोट मेल धनुष्कोडीच्या धक्क्याला लागायची, प्रवासी आगबोटीत बसायचे, पलीकडं तलैमन्नारला उतरून पुन्हा गाडीत. त्या वेळी पांबनला रुळांचे दोन फाटे होते, मोठा धनुष्कोडीचा आणि छोटा रामेश्वरचा. आज छोटा फाटा हाच सगळा मार्ग झालाय आणि मोठ्या फाट्यावर वाळू आहे. दुसऱ्या महायुद्धात गाडी रामेश्वरला थांबेनाशी झाली तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली टाकायचे. ते गोळा करून घरोघर पोचवणारा एक पोरगा पुढं राष्ट्रपती झाला. अब्दुल कलामांचं घर आणि स्मारक बघायला आज रामेश्वरात रांगा लागतात. पण ज्या गाडीतून ते गठ्ठे पडले, तिची ओळख पटवणारी एक धड खूण त्या मार्गावर मला दिसली नाही.

धनुष्कोडीत स्टेशनाच्या काही भिंती उरल्यात. चर्चच्या कमानी उरल्यात. ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा एक बाई त्या भिंतीच्या सावलीत शंख-शिंपल्यांच्या माळा विकत होती. मी विचारलं, हे काय होतं? ती म्हणाली, "स्टेशन, सार." पुढं तमिळमध्ये पुष्कळ काही सांगत होती, हात उंच करून पाण्याची उंची दाखवत होती. मला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं.

५. माणसांच्या हातातलं ज्ञान माणसांबरोबर जाऊ देणं.

याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

१९६४ च्या वादळानंतर पूल दुरुस्त करायला रेल्वेनं सहा महिने धरले होते. वरच्या साहेबांनी ते तीन महिन्यांवर आणले. काम दिलं बत्तीस वर्षांच्या ई. श्रीधरन यांच्याकडं. त्यांनी मच्छीमारांना हाताशी धरून समुद्राच्या तळाला गेलेले गर्डर शोधले, उचलले, पुन्हा बसवले आणि ४६ दिवसांत पूल उभा केला. हेच श्रीधरन पुढं कोकण रेल्वेचे प्रमुख झाले. म्हणजे मुंबई-मडगाव गाडीत बसून आपण खिडकीतून जे बोगदे मोजतो, त्यांची थोडी तालीम पांबनच्या पाण्यात झाली होती असं म्हणायला हरकत नसावी. त्या ४६ दिवसांत ज्यांनी पाण्यात बुड्या मारल्या, दोर बांधले, रिव्हेट तापवून ठोकले, त्यांच्यातला सगळ्यात तरुण माणूसही आज ऐंशीच्या आसपास असणार. दांडे फिरवून पाती उघडणारे मात्र अलीकडचे. ते अजून नोकरीत किंवा नुकते निवृत्त. जोर कधी लावायचा, कधी सोडायचा, वारा कुठून असला की पातं अडतं, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये पूर्ण लिहिलेलं नसतं. ते त्यांच्या खांद्यांत आहे.

मी हे का बोलतोय? कारण बार्शी लाइट गेली तेव्हा आम्ही गप्प बसलो.

१८९७ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी सुरू केली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. आषाढीला वारकरी टपावर बसून जायचे. ब्रॉडगेज आली, ती यायलाच हवी होती. लातूरची माणसं रात्री बसून सकाळी मुंबईत उतरतात, याचं मोल मला कळतं. पण जाताना आम्ही काय ठेवलं? कुठं एखादं इंजिन रंग लावून चौथऱ्यावर उभं केलं, झालं. वडिलांच्या सांगण्यावरून मी जुने नकाशे आणि दुरुस्तीची रजिस्टरं बघायला एका कार्यालयात गेलो होतो. तिथल्या बाबूनं चहा पाजला, बसवलं आणि सांगितलं की ते सगळं रद्दीत गेलं, तुम्ही चार वर्षं आधी यायला हवं होतं. माणूस भला होता. त्याचा काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ते ठेवायचं असतं.

मी घरी येऊन हे सांगितल्यावर वडील दोन दिवस बोलले नाहीत. त्या रजिस्टरांत त्यांच्या अक्षरातली पानं होती.

पांबनच्या बाबतीत मी चार वर्षं आधी आलोय.

आता मागण्या. भाबड्या वाटू नयेत म्हणून पैशांचंही बोलतो.

पहिली, आणि तातडीची : शेर्झर गाळ्याची दोन्ही पाती कापण्याचं काम थांबवा, आणि वारसा म्हणून या गाळ्याचं काय मूल्यमापन झालं, कुणी केलं, हे लोकांपुढं ठेवा. झालं नसेल तर आधी ते करा. बाकीच्या गर्डरांचं काम चालू राहू द्या.

दुसरी : दोन्ही पाती जपा. खाडीतून जहाजं जातात, तेव्हा जुना गाळा आडवा ठेवता येणार नाही हे उघड आहे. उभा, उघडलेल्या अवस्थेत कायमचा पक्का करता येईल का, ते तटरक्षक दल आणि बंदर खात्याला विचारून ठरवा. वाऱ्यामुळं किंवा वाहतुकीमुळं ते जमणारच नसेल, तर पाती उतरवून मंडपम किंवा पांबनच्या किनाऱ्यावर उभी करा. पण उतरवायची तर पूर्ण : खालचा गोल भाग, तो ज्यावर लोळतो ते रूळ, मागचं वजन आणि हातानं फिरवायची सगळी यंत्रणा. नुसतं एक पातं रंगवून बागेत उभं केलंत तर पोरांना ती घसरगुंडी वाटेल.

तिसरी : उतरवण्याआधी प्रत्येक सांध्याची मोजमापं आणि छायाचित्रं घ्या. मूळ नकाशे, १९६४-६५ च्या दुरुस्तीचे कागद, तपासणीची रजिस्टरं यांच्या प्रती करून सगळ्यांना बघता येतील अशा ठेवा.

चौथी : पाती उघडणारे कामगार, रंगारी, चावीवाले, पांबनचे मच्छीमार आणि १९६४ पाहिलेली माणसं यांचं बोलणं त्यांच्याच तमिळमध्ये ध्वनिमुद्रित करा. या कामाला कोट्यवधी लागत नाहीत. एक चांगला माइक आणि ऐकून घेणारा माणूस लागतो. यात उशीर करू नका. बाकी सगळं थांबेल, हे थांबणार नाही.

पाचवी : मंडपम किंवा पांबन स्टेशनाच्या आवारात एक लहान संग्रहालय. त्यात बोट मेल असेल, धनुष्कोडीचा धक्का असेल आणि ६५३ नंबरच्या गाडीला स्वतंत्र भिंत असेल. पाट्या आधी तमिळमध्ये. मग हिंदी, इंग्रजी. मराठीसाठी मी हट्ट धरणार नाही, पण रामेश्वरच्या बावीस तीर्थांवर सकाळी उभं राहून कान दिलात तर किती मराठी ऐकू येतं ते आपलं आपल्याला कळेल.

आणि पैसे? उरलेल्या शंभराहून जास्त गर्डरांचं जे भंगार विकाल, त्यातूनच हे सगळं करा. पुलानंच पुलाचा खर्च भागवावा. सरकारी तिजोरीकडं मी हात पसरत नाही.

असं कुठं झालंय का, असं विचाराल तर फार लांब जायला नको. आमच्या त्र्यंबकेश्वरहून निघालेली गोदावरी राजमहेंद्रीला पोचते तिथं १९०० सालचा हॅवलॉक पूल आहे. १९९७ ला त्यावरची गाडी बंद झाली. शेजारी नवा पूल आहे, गाड्या त्यावरून जातात. जुना आजही पाण्यात उभा आहे, आणि त्यानं कुणाचं काही अडवलेलं नाही.

या पत्राचं उत्तर येत्या २३ डिसेंबरपर्यंत द्यावं, ही विनंती. 'आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे' हे वाक्य माझ्याकडं फायलीत आहे, दुसरं काही असेल तर पाठवा. नकार असेल तर कारणासह नकार द्या. तोही मी जाहीरपणे छापीन, जसाच्या तसा, शेरा न मारता.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांना एकच सांगणं : तुमच्या घरात काशी-रामेश्वर केलेलं कुणी असेल, त्यांच्या ट्रंकेत जुनं तिकीट, पुलावरचा फोटो, धनुष्कोडीहून टाकलेलं पोस्टकार्ड असेल, तर ते फेकू नका. त्यांच्याकडून तारीख आणि गाडीचं नाव मागच्या बाजूला लिहून घ्या. पेन्सिलनं लिहा, शाई पसरते.

आपला नम्र,
कुर्डुवाडीचा एक प्रवासी

ता. क. : ऑगस्टमध्ये नव्या पुलावरून जाताना मी शेजारच्या जुन्या पुलाचे खांब मोजत होतो. नवी गाडी फार वेगात जाते. एकतीसलाच चुकलो. संग्रहालय झालंच, तर आजीचा तो गंगेचा गडू मी द्यायला तयार आहे. रिकामा आहे, पण झाकणाच्या कडेला अजून डाखेचा चट्टा आहे. पोचती पावती तेवढी द्यावी.